भरिताचं मीठ

जळगावात मेहरूणच्या त्या गल्लीत ट्रकमधून हमालांनी ते लोखंडी धूड उतरवलं, तेव्हा प्रमिलाबाईंनी शेजारणींना सांगितलं की ते कपाट आहे. कपाटाला वायर कशाला, असं एकीने विचारलं. प्रमिलाबाई म्हणाल्या, नवीन पद्धतीचं आहे.

खरं सांगायची सोय नव्हती. मुलगी बडोद्याला चित्रकला शिकायला गेली होती. शिकून आली की कुठल्यातरी शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून लागेल, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या मिळतील, आणि आपण निर्धास्त झोपू, असा प्रमिलाबाईंचा साधा बेत होता. कुंदा शिकून आली ती चिखल शिकून. ती त्याला सिरॅमिक्स म्हणायची. प्रमिलाबाई स्वतः धुळ्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या, त्यामुळे त्यांना तो शब्द कळत होता. कळूनही काही उपयोग नव्हता, एवढंच.

त्यांच्या पदवीचा तसा कशालाच फारसा उपयोग झालेला नव्हता. लग्न जमवताना ती कामाला आली, नंतर ट्रंकेत गेली. पूर्णवेळ काम त्यांनी निवडलं ते काळजीचं, आणि त्यात मात्र त्यांनी कधी खाडा केला नाही. नवरा, तोतारामनाना, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन वर्तमानपत्राच्या मागे राहायला गेले होते. तिथून ते अधूनमधून "बघू" म्हणत. घरात कोणीतरी काळजी करणं भागच होतं.

तर ते कपाट म्हणजे विजेवर चालणारी भट्टी. हे चौऱ्याऐंशी साल. त्या भट्टीला वीज लागे, आणि विजेचं जळगावशी फारसं पटत नव्हतं. कुंदा मागच्या पत्र्याच्या खोलीत चाकावर कप काढी. पांढरेशुभ्र, पातळ, एकसारखे कप. कुठल्या कपावर बोटाची एवढीशी खूण दिसली, की तो पुन्हा चिखलाच्या बादलीत जाई. ते इतके एकसारखे होत, की दुकानातल्या कपांत ठेवले असते तर ओळखू आले नसते. फरक एकच. दुकानातले कप दुकानात गेल्यावर मिळत, आणि कुंदाचे कप वीज राहिली तर.

वीज राहत नसे. भट्टी तापत तापत नेमकी त्या टोकाला पोचली, की गल्ली अंधारात जाई आणि कपांवरची झिलई अर्धी वितळून फोडांसारखी राही. कुंदा ते फोड आलेले कप ओळीने मांडून बघत बसे आणि म्हणे, आता मला कळलं. काय कळलं ते प्रमिलाबाई विचारत नसत. पुढच्या खेपेला वीज पुन्हा गेली की कळणारच होतं.

बरं, लोक विचारत. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, मुलगी काय करते. प्रमिलाबाईंनी पोहे पुढे केले. कुंदा म्हणाली, मातीकाम. त्यांना वाटलं, रोजगार हमीवर मुकादम आहे. गैरसमज दूर केल्यावर ते अधिकच गंभीर झाले आणि पोहे संपवून निघून गेले.

मग रॉकेलची भट्टी आली. विजेचे गुलाम कशाला राहायचं, असा कुंदाचा नवा विचार. माती काही आपल्या हुकमातली नाही, तिच्याशी बोलायला पाहिजे, हाही नवा विचार. मातीशी बोलणं म्हणजे आता कपांच्या जागी वाकडेतिकडे वाडगे काढायचे आणि बोटांच्या खुणा मुद्दाम ठेवायच्या. ज्या खुणांपायी कालपर्यंत कप मोडले, त्या आज कला झाल्या. प्रमिलाबाईंना हे पटलं नाही, पण धुण्यातला चिखल कमी झाला म्हणून त्या गप्प राहिल्या.

मात्र रॉकेल मातीशी जे बोललं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. उन्हाळ्याचे दिवस, गच्चीगच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, आणि पत्र्याच्या खोलीतून काळा लोट उठलेला. संध्याकाळी शेजारच्या लिलाबाई एक कुरडई ताटलीत घेऊन आल्या. ती त्यांनी टेबलावर ठेवली. कुरडई दिवाळीच्या विझलेल्या फुलबाजीसारखी दिसत होती. वर्तमानपत्रामागून नाना म्हणाले, भट्टी गावाबाहेर न्यावी. त्यांनी एवढं लांब वाक्य बोलल्यावर विषय संपला.

गावाबाहेर म्हणजे प्रमिलाबाईंच्या माहेरी. त्यांचा धाकटा भाऊ उखर्डू याचं शेत धुळ्याहून साक्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्याला लागूनच. उखर्डूमामाने भाचीला विहिरीजवळचा तुकडा देऊन टाकला. त्याला वाटलं ती भाजीपाला लावेल. तिने विटा आणल्या.

आता जळण कपाशीच्या पऱ्हाट्यांचं. वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधाबांधावर पडलेले असतातच. आणि झिलई केळीच्या राखेची. जळगावकडून केळीचे वाळलेले खांब आणून जाळले, राख चाळली, पाण्यात कालवली. बाहेरचं पुडीतलं काही आणायचं नाही, इथलं जे आहे त्यातच निघालं पाहिजे, असं कुंदा म्हणू लागली. इथलं ज्ञान घ्यायला ती गावच्या नथ्थू कुंभाराकडेही गेली. नथ्थूने तिला ओट्यावर बसवलं, चहा पाजला. पिढ्यान्‌पिढ्यांचं काही सांगा, अशी तिने विनंती केली. नथ्थू म्हणाला, "बाई, मटकं फुटस. स्टील फुटस का?" त्याने चाक कधीच बंद केलं होतं आणि तो आठवडी बाजारात स्टीलची भांडी विकत होता. जाताना त्याने तिला एक डबा दाखवला, झाकणासकट.

सहा महिन्यांत तीन भट्ट्या लागल्या आणि तिन्ही फसल्या. एकदा काळ्या मातीचे वाडगे तडकले, एकदा राखेची झिलई ओघळून भांडी फळ्यांना चिकटली, एकदा जाळ पुरला नाही. तेव्हा प्रमिलाबाईंनी आपलं काम केलं. पिंपळनेरच्या एका शाळेत ड्रॉइंग टीचरची जागा होती आणि त्यांची कॉलेजातली मैत्रीण संस्थेच्या कमिटीवर होती. नोकरी नक्की झाल्यावरच त्यांनी लेकीला सांगितलं.

कुंदा चिडली नाही. तिलाही कुठेतरी दम लागला असावा. तिने एकच अट घातली. आणखी एक भट्टी. ती साधली तर नोकरी नाही, फसली तर पिंपळनेर.

"साधली म्हणजे काय गं?" प्रमिलाबाईंनी पक्कं करून घेतलं.

"साधली म्हणजे मला ती पुन्हा तशीच काढता आली पाहिजे. योगायोगाने काही चांगलं निघालं तर ते धरायचं नाही. कशाने झालं ते कळलं पाहिजे."

अट उत्तम होती. आजवर कुंदाचं काहीही पुन्हा तसंच निघालं नव्हतं. प्रमिलाबाईंनी तिच्यासाठी शिक्षिकेला शोभतील अशा दोन साड्या घेतल्या आणि फॉल लावायला टाकल्या.

होळीच्या आधीचा तो दिवस. पहाटेच भट्टी पेटली. प्रमिलाबाई आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या. मुलीने आगीजवळ एकटं असावं हे त्यांना कसं चालणार? त्यांची देवाजवळची मागणी जरा अवघड होती. भट्टी फसू दे, पण हळू फसू दे. भांडी जाऊ देत, पण पोरीच्या हाताला चटकाही लागू नये. तिला फार वाईट वाटू नये, आणि तरी तिने पिंपळनेरला जावं. एवढी कलमं देव कधी वाचतो का, कोण जाणे.

शेतात जाळ दिसला की खानदेशात माणसं वांगी घेऊनच येतात. उखर्डूमामाने पऱ्हाट्यांचा डोंगर बघितला आणि बहिणीला म्हणाला, "अक्का, हाई भट्टी शे का भरीतनी चूल? इतल्या पऱ्हाट्यामा बठ्ठा गावनं भरीत हुई जाई." दुपारपर्यंत त्याचं म्हणणं खरं झालं. भट्टीच्या तोंडातून निखारे ओढून शेजारी वांगी भाजायला लागली. मामी कलाबाईने पाट्यावर हिरव्या मिरच्या वाटायला घेतल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या. कला बघायला आलेली माणसं जेवणाची वाट बघत बांधावर बसली आणि कुंदाचं कौतुक करू लागली.

इथे गोष्ट बिघडली.

पोरीचा हात कसा चालतो बघा, म्हणाली एक. गड्यासारखी पऱ्हाट्या घालते, म्हणाली दुसरी. तोंड कसं लाल झालंय, म्हणाली तिसरी. कुंदा भट्टीच्या तोंडाशी वाकून आत बघत होती. आत मातीचे लहान सुळके उभे केले होते. ते वाकले की उष्णता पुरेशी झाली असं समजायचं. एवढ्यात जाळ बाहेर आला आणि तिच्या कपाळावरचे केस भुरकन जळाले. ती मागे झाली, केस झटकले, हसली, पुन्हा वाकली. तिला काही झालं नव्हतं. जे झालं ते प्रमिलाबाईंना.

आता सांगायला हवं, की दृष्टीबिष्टीवर प्रमिलाबाईंचा काडीचाही विश्वास नव्हता. कलाबाई आपल्या लेकरांवरून मीठ-मोहरी उतरवायची तेव्हा प्रमिलाबाई तिला हसत आल्या होत्या. एका दिवाळीला तर त्यांनी तिला बसवून सोडियम क्लोराइड समजावून सांगितलं होतं. मिठात दृष्ट शोषून घेण्याचा कुठलाही गुणधर्म नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. कलाबाईने ऐकून घेतलं होतं आणि नंतर प्रमिलाबाईंवरूनही मीठ उतरवलं होतं, त्या झोपल्यावर.

तर या सोडियम क्लोराइडच्या जाणकार बाई उठल्या, शेतातल्या झोपडीत गेल्या, मूठभर खडेमीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून लेकीच्या पाठीमागून हवेतल्या हवेत उतरवून सगळं भट्टीच्या तोंडात टाकलं. मग वास घेत उभ्या राहिल्या. मिरचीचा ठसका आला तर दृष्ट नव्हती. ठसका आला नाही तर लागलेली होती. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. हे आपोआप येतं.

ठसका आला नाही.

कसा येणार? भट्टीची ओढ अशी होती की मिरची काय, आत टाकलेलं गोणपाटही धुराड्यातून गावाबाहेर गेलं असतं. बी.एस्सी.ला हे सुचायला हरकत नव्हती. पण प्रमिलाबाईंना एवढंच कळलं, की दृष्ट फार जबर आहे. त्यांनी दुसरी मूठ उतरवली. ठसका नाही. कुंदाने पऱ्हाट्या घातल्या आणि नव्या आणायला पाठ फिरवली, की प्रमिलाबाई पुढे होत. मिरच्या संपल्या, मोहरी संपली. मीठ होतं. झोपडीत बैलांसाठी आणलेल्या खड्यांची गोणी होती. त्यांनी ओंजळी सुरू केल्या. धुराड्यातून पांढरा दाट धूर निघू लागला आणि बांधावरची माणसं म्हणाली, वा. उन्हं कलेपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. शेवटी गोणीच रिकामी झाली, तेव्हा त्यांनी दृष्ट उतरली असं मानून घेतलं.

मग जेवणं. भरिताचा पहिला घास घेऊन उखर्डूमामा थांबला.

"भरीतमा मीठ कोठे शे?"

कलाबाई झोपडीत जाऊन आली. तिच्या हातात रिकामी गोणी होती. "बठ्ठं मीठ गयं," ती म्हणाली. "बैलेस्नं बी गयं." एवढं बोलून तिने नणंदेकडे एक क्षण बघितलं आणि भाकरी वाढायला लागली.

सगळ्यांनी अळणी भरीत खाल्लं. कुंदाने तर चवही घेतली नाही. मागचा सुळका अजून ताठ उभा होता.

निवल्यावर कुंदाने भट्टीचं तोंड उघडलं. मागचे वाडगे, ज्यांच्यावर केळीच्या राखेचं इतकं प्रेम खर्च झालं होतं, ते वाळलेल्या शेणासारखे मळकट निघाले. मधले बरे म्हणायचे तर बरे. आणि अगदी पुढे, जाळाच्या तोंडावर, आडोसा म्हणून काही बरण्या ठेवल्या होत्या. त्यांना झिलई लावलेलीच नव्हती, त्या भांडी म्हणून मोजलेल्याही नव्हत्या. त्या चकाकत होत्या. मधासारखा रंग, आणि वर बारीक खळ्याखळ्यांची, संत्र्याच्या सालीसारखी झळाळी. नथ्थूही सायकल थांबवून बघायला आला होता. त्याने एका बरणीवर नख वाजवलं आणि स्टीलबद्दल काही बोलला नाही.

कुंदा त्यातली एक बरणी मांडीवर घेऊन दिवसभर बसली. पऱ्हाट्यांची राख उडून बसली असेल? मग मधल्यांवर का नाही? विटांतून काही आलं? मातीतून? तिने पुढच्या विटा तपासल्या, त्याही चकाकत होत्या. तेही तिला समजेना. तिने आईला विचारलं, तुला काही दिसलं का गं, तू तर तिथेच होतीस. प्रमिलाबाई म्हणाल्या, मी काय बघणार, मी भरिताकडे होते.

त्यांनी विटा बघितल्या होत्या आणि त्यांना सगळं कळलं होतं. कॉलेजातली ट्रंक उघडली गेली होती. एवढ्या तापमानाला मीठ वाफ होतं, त्यातलं सोडियम मातीतल्या वाळूला जाऊन भिडतं, आणि त्याची काच होते. समीकरणसुद्धा आठवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांची पदवी उपयोगी पडली होती, आणि ती अशा वेळी की तोंड उघडायची सोय नाही.

कारण गप्प राहायचं एवढंच काम होतं. अट पोरीनेच घातली होती, कशाने झालं ते कळलं पाहिजे. कळलं नाही. संध्याकाळी कुंदा स्वतःच म्हणाली, "योगायोग आहे, आई. धरायचा नाही. मी जाते पिंपळनेरला." आणि फॉल लावलेल्या साड्या बॅगेत भरल्या.

सोमवारी सकाळी फाट्यावर दोघी पिंपळनेरच्या बसची वाट बघत उभ्या होत्या. बॅग आणायला मामा आला होता. सगळं प्रमिलाबाईंच्या मनासारखं झालेलं. त्यांनी लेकीला सूचना द्यायला सुरुवात केली. पाणी उकळून पी, संध्याकाळी एकटी फिरू नकोस, मुख्याध्यापकांशी वाद घालू नकोस. कुंदा प्रत्येक सूचनेला बरं म्हणत होती. हेच प्रमिलाबाईंना सोसेना. सबंध आयुष्यात कुंदा एकदाही सलग तीन गोष्टींना बरं म्हणाली नव्हती. पुढे काळजी करायला जागाच राहत नव्हती, आणि हे असलं निर्धास्तपण अंगावर आल्यावर प्रमिलाबाईंना कसंतरी होऊ लागलं. लेकीच्या कपाळावर जळलेल्या केसांचे खुंट होते. त्यावर तिने तेल लावून भांग नीट पाडला होता, शिक्षिकेसारखा.

बस वळणावर दिसली.

"मीठ होतं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"मीठ. मीच टाकलं. तुझ्या पाठीमागून."

मामाने बॅग खाली ठेवली आणि रिकामी गोणी आठवून मान डोलावली.

"दृष्ट काढत होतीस?" कुंदा म्हणाली. "तू?"

एवढ्या वर्षांचं सोडियम क्लोराइड त्या एका अक्षरात विरघळलं. बस येऊन उभी राहिली. कुंदाने हसावं, रडावं, आरडाओरडा करावा, प्रमिलाबाई कशालाही तयार होत्या. कुंदाने त्यांचा दंड धरला आणि विचारलं, "एकदम टाकलंस का थोडं थोडं? सुळका वाकायच्या आधी का नंतर? मूठ का ओंजळ?"

"आधी मूठ, मग ओंजळ. तू पऱ्हाट्या घातल्यावर."

"प्रत्येक वेळी?"

"ठसका येईना ना."

कंडक्टरने दाराला थाप मारून विचारलं, बाई येताहेत का राहताहेत. उखर्डूमामाने त्याला हाताने जा म्हटलं. बस पिंपळनेरला गेली. तिथल्या मुलांना चित्रकला पुढे कोणी शिकवली, याची चौकशी प्रमिलाबाईंनी केली नाही. कमिटीवरच्या मैत्रिणीने मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

आता कुंदाच्या मिठाच्या बरण्या पुण्या-मुंबईकडची माणसं घेऊन जातात. तिचे विचार पुन्हा बदलले आहेत. माती, जाळ आणि माणूस यांनी मिळून भांडं करायचं, आपण फार मध्ये पडायचं नाही, असं ती म्हणते. हे म्हणताना ती ज्या माणसाबद्दल बोलते ते माणूस जळगावहून धुळ्याला बसने येतं, वर्षातून दोनदा, सोबत खड्यांची गोणी घेऊन. भट्टी तापली की कुंदा सगळ्यांना वारा येतो त्या बाजूला उभं करते, कारण ती वाफ छातीला वाईट. मग ती बाजूला होते आणि मीठ प्रमिलाबाई टाकतात. त्यांना विचारलं तर त्या समीकरण सांगतात, सगळं, न अडखळता.

फक्त मोहरी आणि मिरच्यांवरून मायलेकींचं दर वेळी वाजतं. कुंदाचं म्हणणं, काच मिठाने होते, बाकीच्याचा काही संबंध नाही, ते बंद कर. प्रमिलाबाई ऐकून घेत नाहीत. मिठाच्या पहिल्या भट्टीत जे होतं ते सगळं पुढच्या भट्टीत असलंच पाहिजे, असं त्या बजावतात. प्रयोग म्हणजे प्रयोग, त्यातला एकही घटक आपल्या मनाने गाळायचा नसतो. शास्त्र शिकलेल्या बाईपुढे ड्रॉइंगवाली काय बोलणार? कुंदा तोंड फिरवून उभी राहते, आणि त्या तेवढ्यात तिच्या पाठीमागून मूठ उतरवून घेतात.

कलाबाई मात्र सावध झाली आहे. भट्टीच्या दिवशी भरिताचं मीठ ती पदराच्या गाठीत बांधूनच येते.